लांडगा लहान पोरांना कसा सांगायचा?

ज्यांना हा भाग बसमध्ये, मेसच्या रांगेत किंवा झोपता झोपता ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. नेहमीसारखंच, मधले "अं…" आणि "म्हणजे बघा…" गाळलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. नाशिकला शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं पाठवली होती. तिची भाची सहा वर्षांची. गोष्टीच्या पुस्तकात लांडग्याचं चित्र बघितल्यापासून ती दिवा बंद करून झोपत नाही. "लांडगा आपल्या घरी येईल का?" हा रोजचा प्रश्न. शेवटी वैतागून मामा म्हणाला, "अगं, लांडगे संपलेत आता, झोप!" तर पोरगी उठून बसली आणि रडायलाच लागली, "का संपले? कुणी संपवले?" व्हॉइस नोटच्या शेवटी आपली मैत्रीण विचारते, "ताई, आता मी काय सांगू?"

ऐकून मी हसले, आणि मग मला माझीच फजिती आठवली. ती आधी सांगते.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या मधल्या माळावर एक छोटी जिल्हा परिषद शाळा आहे. पहिली ते चौथी मिळून बावीस पोरं. तिथल्या गुरुजींनी विचारलं, शनिवारी येऊन मुलांना आपल्या माळावरच्या प्राण्यांबद्दल काही सांगाल का? मी काय, उत्साहात! लॅपटॉप घेतला, स्पीकर घेतला आणि पोरांना दाखवली येलोस्टोनची गोष्ट. तुम्हीही बघितलाच असेल तो व्हिडिओ, कधी ना कधी फॉरवर्ड होऊन येतोच. अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे मारून संपवले, शेवटचे १९२६ साली. मग एल्क नावाची मोठाली हरणं माजली, नदीकाठची कोवळी झाडं खाऊन टाकली. १९९५ साली कॅनडातून चौदा लांडगे आणले, पुढच्या वर्षी आणखी सतरा. आणि मग झाडं परत आली, पक्षी आले, बीव्हर आले, अगदी नद्यासुद्धा बदलल्या! मी हात हलवून हलवून सांगत होते.

तिसरीतली एक मुलगी मागच्या ओळीत बसली होती. तिनं विचारलं, "ताई, तिथं मेंढरं हुती का?"

मी म्हटलं, नाही, तिथे मेंढपाळ नाहीत.

"मग बरूबर हाय," ती म्हणाली. "आमचं कोकरू नेलं लांडग्यानं. परवा दिशी."

वर्ग गप्प. मीही गप्प. धनगराची पोर ती. तिच्यासाठी लांडगा हा व्हिडिओतला प्राणी नव्हता. तिनं ज्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, ते कोकरू नेणारा होता. आणि मी तिला त्याचं "महत्त्व" शिकवायला आले होते!

तेव्हापासून मी ती गोष्ट वेगळ्या पद्धतीनं सांगते. आधी एक दुरुस्ती, कारण आपण मोठी माणसंसुद्धा त्या व्हिडिओला भुलतो. येलोस्टोनमध्ये लांडगे परतल्यावर फरक पडला, हे खरं. पण त्याच काळात अस्वलं आणि प्यूमा वाढले होते, उद्यानाबाहेर एल्कची शिकार चालू होती, दुष्काळही पडले. सगळं श्रेय एकट्या लांडग्याला द्यायचं का, यावर तिथले शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. आणि काही ओढ्यांकाठी झाडं पूर्वीसारखी परतलीच नाहीत. मला वाटतं, पोरांना हे सांगायला काहीच हरकत नाही. "एक प्राणी काढला तर पुष्कळ काही बिघडतं, आणि परत ठेवला म्हणून सगळं लगेच जागेवर येत नाही." सात वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्यानं घड्याळ खोलून बघितलेलं असतं.

आता आपला लांडगा. पहिली अडचण म्हणजे तो पोरांना ओळखताच येत नाही. आपली गोष्टींची पुस्तकं बऱ्याचदा भाषांतरित, चित्रं परदेशी. त्यातला लांडगा बर्फात उभा, केसाळ, डोळे पिवळेजर्द. आपला लांडगा बर्फ बघत नाही. तो उन्हातला प्राणी. अंगानं सडपातळ, पाय लांब, रंग वाळल्या गवताचा आणि मातीचा. बसला की दिसत नाही, उठला की कळतं. भटक्या कुत्र्यापेक्षा थोडा मोठा, पण चाल वेगळी. कुत्रं इकडं तिकडं हुंगत रेंगाळतं, लांडगा एका लयीत दुडक्या चालीनं निघून जातो. रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर म्हणजे त्याला काहीच नाही.

आणि कोल्हा! यात तर मोठेही फसतात. द्राक्षं आंबट म्हणणारा तो इंग्रजी पुस्तकातला फॉक्स, त्याला आपण कोल्हा म्हणून टाकलं. आपल्याकडे कोल्हा म्हणजे जॅकल, आणि माळावरची ती चिमुकली, काळ्या शेपटीच्या टोकाची, ती खोकड. लांडगा या दोघांपेक्षा पुष्कळ मोठा. मी पोरांना जमिनीवर खडूनं तिन्ही प्राणी खऱ्या मापाचे काढायला लावते. खोकड काढून झाली की सगळे म्हणतात, "एवढीच?" हा खेळ तुम्ही घरी, गच्चीवर, कुठंही खेळू शकता. खडू लागतो, बस्स.

मग इतिहास. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मी विचारते, भीमाचं दुसरं नाव माहितेय का? कुणीतरी एखादा सांगतोच, वृकोदर. वृक म्हणजे लांडगा, उदर म्हणजे पोट. ज्याची भूक लांडग्यासारखी, तो वृकोदर. म्हणजे महाभारत रचणाऱ्यांनी लांडगा नीट बघितला होता आणि आपल्या लाडक्या नायकाला त्याचं नाव देताना त्यांना काही वाटलं नाही. आपल्याकडं लांडगे हे आडनावसुद्धा आहे. एका वर्गात एक लांडगे निघाला, तो तर दिवसभर ऐटीत होता. उलट "लांडगेतोड" हा शब्दही आपलाच, सगळ्यांनी मिळून लचके तोडणं. भाषेत दोन्ही आहे, मान पण आणि धास्ती पण. पोरांना दोन्ही सांगावं.

मोगलीही घ्या. किपलिंगचं ते पुस्तक १८९४ सालचं, आणि गोष्ट घडते सिवनीच्या रानात. सिवनी म्हणजे मध्य प्रदेशातलं, आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाचं. तिथं मोगलीला वाढवते ती लांडगीण. गोष्टच आहे, खरं काही नाही. पण लांडगे कुटुंबानं राहतात हे मात्र खरं. आई, बाप, आधीच्या वर्षीची मोठी भावंडं. शिकार करून आलेला लांडगा पोटातलं मांस पिल्लांपुढं ओकतो, तेच त्यांचं जेवण. हे सांगितल्यावर पोरं "ईईई" करतात आणि मग पुन्हा पुन्हा तेच ऐकायला मागतात.

आणि घरातलं कुत्रं! मी सांगते, तुमच्या वाड्यावरचं कुत्रं म्हणजे लांडग्याचाच दूरचा भाऊ. जर्मनीत ओबरकासेल नावाच्या ठिकाणी सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली, त्यात माणसांबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू पुरलेलं होतं. त्याच्या दातांवरून असं दिसतं की ते आजारी पडलं होतं आणि कुणीतरी बरेच दिवस त्याची काळजी घेतली असणार. चौदा हजार वर्षं, मंडळी! तेव्हा शेतीसुद्धा नव्हती. आपला भारतीय लांडगा मात्र त्या घरी आलेल्या भावापेक्षा निराळ्या वाटेचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की जगात आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या वंशशाखांपैकी एक ही आपल्या माळावरची आहे.

आता तो अवघड प्रश्न. भाचीचा. कुणी संपवले?

यासाठी मी जोंधळ्याचे दाणे घेऊन जाते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी इंग्रजांच्या काळातल्या नोंदींवरून अंदाज काढलाय की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या देशात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे, आणि दोन लाख लांडगे. वाघ मारणं ही साहेबाची मर्दुमकी होती, फोटो काढायची. लांडगा मारणं हे नुसतं काम होतं. सरकार बक्षीस द्यायचं. लांडगा म्हणजे उपद्रवी, जनावरं खाणारा, काढून टाका. विलायतेत त्यांनी लांडगा केव्हाच संपवला होता, तीच नजर घेऊन ते इथं आले.

दोन लाख हा आकडा पोराला कळत नाही. मलाही कळत नाही खरं तर. म्हणून भागाकार करायचा. पन्नास वर्षांत दोन लाख, म्हणजे वर्षाला चार हजार. दिवसाला साधारण अकरा. मग मी अकरा दाणे वेगळे काढते. वर्गात बावीस पोरं. "म्हणजे दोन दिवसांत आपला वर्ग संपला," चौथीतला एकजण म्हणाला होता. गणित त्याचं अगदी बरोबर होतं. आणि आज देशभरात भारतीय लांडगे अंदाजे तीन हजार. तेव्हा सरासरी एका वर्षात जेवढे मारले, तेवढेसुद्धा आज शिल्लक नाहीत. हे सांगितलं की मी थांबते. काही बोलत नाही. पोरं दाणे मोजत बसतात.

तर मैत्रिणीला माझं सांगणं, मामाचं म्हणणं चूक आहे. संपले नाहीत. थोडे आहेत. भाचीला हे आधी सांग.

आता तो दोऱ्यांचा खेळ. यासाठी लोकरीचा गुंडा हवा. पोरांना गोल उभं करायचं, प्रत्येकाला एक चिठ्ठी. गवत, नाकतोडा, ससा, चिंकारा, उंदीर, खोकड, तरस, शेणकिडा, लांडगा. कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या उपयोगाचं, तसा दोरा फिरवायचा. जाळं तयार झालं की लांडग्याला म्हणायचं, सोड. दोरा ढिला पडतो आणि कुणाकुणाच्या हाताला ते जाणवतं, हे पोरं स्वतः सांगतात. ससे, उंदीर, हरणं यांच्यावर वचक ठेवणारा गेला. उरलेली शिकार खाणारं तरस उपाशी राहिलं. हा खेळ काही माझा नाही, निसर्ग शिबिरात सगळीकडं खेळतात.

पण त्या शनिवारी त्याच मुलीनं पुन्हा मला पकडलं. तिच्या हातात "ससा" होता. तिनं विचारलं, "ताई, ह्यात आमी कुठं?"

आम्ही म्हणजे धनगर आणि मेंढरं. मी त्यांची चिठ्ठीच केली नव्हती! माळ म्हणजे गवत आणि प्राणी, माणसं नाहीत, असं मी पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं. आता माझ्याकडं कायम या दोन चिठ्ठ्या असतात, आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त दोरे त्यांच्याचकडं येतात. मेंढ्या गवत खातात, शेतकरी शेतात मेंढ्या बसवून खत मिळवतो, मेलेलं जनावर तरसाला, गिधाडाला. आणि लांडगा? आपल्या दख्खनच्या माळावर आज बऱ्याच ठिकाणी लांडग्याच्या जेवणात शेळ्यामेंढ्यांचाच वाटा मोठा आहे. हरणं कमी राहिली, काय करील? धनगर आहे म्हणून लांडगा जगतोय, आणि त्याची किंमत धनगराच्या खिशातून जाते. हे न सांगता लांडग्याचं गुणगान करणं मला आता लाज वाटण्यासारखं वाटतं.

पुढच्या खेपेला आम्ही तिच्या आजोबांनाच वर्गात बोलावलं. पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. गुरुजींनी खुर्ची दिली, ते खालीच बसले. त्यांनी पोरांना सांगितलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. रात्री जाळी लावून मेंढरं कशी कोंडायची. लहान कोकरं डालग्याखाली कशी ठेवायची. कुत्र्याच्या भुंकण्यावरून लांडगा आलाय की माणूस, हे कसं ओळखायचं. वारा कुठून वाहतो ते बघूनच बिऱ्हाड कुठं टाकायचं हे ठरतं.

मी विचारलं, बाबा, लांडग्याचा राग येत नाही?

ते म्हणाले, "येतो की. शिव्या देतो. पर लांडगं आमच्या आज्यापासनं हाय. ते कुठनं येतंय, कवा येतंय, आमाला ठावं हाय. ती गावाकडची मोकाट कुत्री आल्यात ना, त्यांचं काय ठावं न्हाई. खाईत न्हाईत, नुसती फाडून ठेवत्यात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आन चरायला जागा कुठं ऱ्हायलीय? परत्येक माळाला तार."

यातलं कुत्र्यांचं प्रकरण नुसतं मेंढ्यांपुरतं नाही. कुत्र्यांकडून लांडग्यांना आजार लागतात, आणि संकरही होतो. पुण्याजवळच्या माळावर दिसलेला एक विचित्र फिकट प्राणी लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचं जनुकीय तपासणीत दिसून आलं. दोन लाख लांडगे बंदुकीनं आणि विषानं गेले. उरलेले कदाचित असे, गुपचूप, कुत्र्यात मिसळून जातील.

आणि जागेचं तर विचारूच नका. सरकारी नकाशात कितीतरी माळरानं "पडीक जमीन" म्हणून नोंदलेली आहेत. पडीक! जिथं चिंकारा आहे, लांडगा आहे, माळटिटवी आहे, धनगर आहे. पडीक म्हटलं की तिथं कारखाना चालतो, प्लॉटिंग चालतं, आणि अगदी चांगल्या मनानं खड्डे खणून झाडंही लावली जातात. पोरांना आपण पहिलीपासून "झाडे लावा" शिकवतो. झाडं लावायचीच, पण घराशी, बांधावर, रस्त्याकडेला. गवताळ माळावर दाट झाडी केली तर मोकळ्यावर धावणाऱ्यांचं घर मोडतं. हे पोरांना समजावणं सगळ्यात कठीण, कारण शाळेच्या भिंतीवरच उलटं लिहिलेलं असतं. मी फक्त एवढंच करते की त्यांना माळावर नेऊन गुडघ्यावर बसवते आणि हातभर जागेत किती प्रकारचं गवत आहे ते मोजायला लावते. एका गटाला नऊ मिळाली होती. एकानं एकच गवत दोनदा मोजलं होतं, म्हणून आठ.

आता भीती. श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील, ताई, बहराइचचं काय? बरोबर आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच होती. वनविभागाला लांडगे पकडायला मोठी मोहीम काढावी लागली. म्हणून "लांडगा कध्धी काही करत नाही" असं पोरांना सांगू नका. ते खोटं आहे, आणि पोरांना एक खोटं सापडलं की तुमचं पुढचं खरंही जातं. असे हल्ले फार क्वचित होतात, आपल्या माळावरचा लांडगा माणूस दिसला की आडवाटेनं निघून जातो, हे सांगा. आणि मग नियम सांगा. लांडगा दिसला तर मागे लागायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही, मोठ्या माणसाकडं शांतपणे जायचं. हिवाळ्यात बिळाजवळ पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत. आई शिकारीला गेलेली असते, मेलेली नसते. कुठलंही जनावर, मग ते गल्लीतलं कुत्रं का असेना, चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, इंजेक्शन. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

तुम्हा मोठ्यांसाठीही एक, कारण फोन तुमच्या हातात आहे. बाईक मागं लावून लांडग्याची रील काढणारे मी स्वतः बघितलेत. आणि बिळाचं लोकेशन टाकणारे पण. कायद्यानं लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं संरक्षण. त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. पण गुन्हा राहू द्या, बिळाजवळ गर्दी झाली की आई पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडं हलवते, एकेक करून. ती फेऱ्या मारत असताना बाकीची उघड्यावर असतात.

शेवटचं एक, त्या कोकराबद्दल. वन्यप्राण्यानं जनावर मारलं तर आपल्या राज्यात नुकसानभरपाई मिळते, लांडग्यासाठीही. पण वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो. आजोबांना ते माहीतच नव्हतं. आणि माहीत असतं तरी, ज्यांचं बिऱ्हाड दोन दिवसांनी पुढच्या गावाला, ते पंचनाम्यासाठी थांबणार कसे? त्यांचा एक हिवाळा असाच गेला, एक कोकरू आणि दोन मेंढ्या, कागदावर काहीच नाही.

म्हणून आता आमच्या तासाच्या शेवटी पोरं एक नंबर पाठ करतात. वनविभागाची हेल्पलाईन, १९२६. हो, तोच आकडा. येलोस्टोनमधले शेवटचे लांडगे ज्या साली मारले ते साल. हा योगायोग मी पोरांना सांगितला तर त्या मुलीला फार काही वाटलं नाही. तिनं खडू घेतला आणि आजोबांच्या घोड्याच्या खोगिराला लावायला म्हणून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नंबर लिहून घेतला. शेजारी तिनं लांडगा काढला. तोंडात कोकरू, आणि बिळाशी तीन पिल्लं, तोंडं उघडून बसलेली. मी विचारलं, हे कोकरू तुझंच का? ती म्हणाली, "न्हाई. हे दुसऱ्याचं."

नाशिकच्या भाचीला या चित्राचा फोटो पाठवलाय. त्या मुलीला विचारून, बरं का. उत्तराची व्हॉइस नोट आली, पूर्ण अकरा सेकंदांची, "तिसऱ्या पिल्लाला खायला उरेल का?" दिवा अजून चालूच ठेवते म्हणे.

पुढच्या भागात तरस. त्याच्या हसण्याबद्दल तुम्ही काय काय ऐकलंय ते पाठवा.